नाडा आणि पीळ

‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हटवादी माणसाला उद्देशून वापरतो. परंतु ज्याने ती प्रथम उच्चारली, तो स्वतः दोर वळणारा, निदान दोर वळताना जवळून पाहिलेला माणूस असला पाहिजे. दोराचे बळ जितके तंतूत तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, पिळात असते हे मर्म त्याला उमगले होते. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत राहणारे आपण दिवसातून चारदा लिफ्टमध्ये पाऊल टाकतो. पण ज्या दोरावर आपला भार तोललेला असतो त्याचा विचार क्वचितच मनात येतो. त्या दोराची पूर्वपीठिका शोधू लागलो, तर एक वाट थेट संगमनेरच्या मळ्यांत, विहिरीच्या काठी येऊन पोचते.

संगमनेर हे प्रवराकाठचे जुने गाव, शाहीर अनंत फंदीचे गाव. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत पाऊस मुसळधार कोसळतो, आणि तेथून थोडे पूर्वेस उतरले की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो. नदी जवळून वाहत असली तरी तिचे पात्र खोल आणि शेत उंचावर. अशा प्रदेशात बागायत करावयाची म्हणजे विहीर खणावयाची आणि तिच्यातील पाणी वर ओढावयाचे. हे ओढण्याचे साधन म्हणजे मोट.

मोट पाहिलेली माणसे आता थोडी उरली, म्हणून तिची रचना थोडक्यात सांगतो. चामड्याची मोठी पिशवी, तिच्या तोंडाशी लोखंडी कडे, आणि बुडाशी हत्तीच्या सोंडेसारखी लांब चामडी नळी. तिला ‘सोंड’ असेच म्हणत. या मोटेला दोर दोन. कड्याला बांधलेला जाड दोर तो नाडा. तो विहिरीवरच्या उंच चाकावरून जाई. सोंडेच्या टोकाला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. तो काठाशी बसविलेल्या ठेंगण्या लाकडी रुळावरून जाई. दोन्ही दोरांची दुसरी टोके बैलांच्या जुवाला. बैल उतरत्या धावेवरून पुढे चालू लागले की मोट वर येई. वर येताना सोंड दुमडलेली राही, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी पोचताच मोटेचे तोंड उंच चाकाकडे जाई आणि सोंड खालच्या रुळावरून थारोळ्याकडे ओढली जाई. सोंडेचे टोक मोटेच्या पातळीखाली आले की पाणी आपोआप थारोळ्यात, आणि तेथून पाटाला. काठावर मोट उलटी करावयास वेगळा माणूस नको. एवढे सारे कौशल्य दोन दोरांच्या लांबीतील नेमक्या फरकात साठविलेले होते.

आता भाराचा हिशेब पाहू. दीडशे लिटर पाण्याची मोट धरली तर नुसत्या पाण्याचाच भार दीडशे किलो. त्यात भिजलेले चामडे आणि लोखंडी कडे मिळवावयाचे. शिवाय धाव उतरताना मोट हाकणारा गडी नाड्यावर बसे, म्हणजे त्याच्या वजनाची बैलांना मदत होई. अशा वेळी नाडा तुटला, तर भरली मोट विहिरीत, ओढ एकाएकी सुटलेले बैल उतारावर अडखळणार, आणि नाड्यावर बसलेला माणूस जमिनीवर आपटणार. विहीर खणताना किंवा गाळ काढताना तर माणसेच दोराने खाली सोडावी लागत. दोर चांगला की वाईट हा प्रश्न, अशा प्रकारे, शेवटी हातापायांचा आणि प्राणांचा होता.

हा दोर वळी कोण? बहुतेक गावांत मातंग समाज. ताग वा अंबाडी पाण्यात कुजत घालावयाची, तंतू सोडवून धुवावयाचे, घायपाताच्या पानांतून वाख काढावयाचा, त्याचे सूत, सुताचे पेड, आणि पेडांचा दोर. नाडा, सोंदूर, कासरा, दावे हे सारे पुरवावे आणि सुगीला बलुते घ्यावे, अशी वहिवाट. येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या हातचा दोर विहिरीच्या पाण्यात उतरत असे, त्यांनाच गावच्या पाणवठ्यावर घागर बुडविण्यास मज्जाव होता. दोराला विटाळ नव्हता, दोर वळणाऱ्या हाताला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. आणि तो कागदावरच राहिला म्हणून १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याकाठी जावे लागले.

आता पिळाकडे वळू. तंतू असतो हातभर. त्याचा पन्नास हात दोर होतो आणि तो तुटत नाही, हे कसे? गॅलिलिओलाही हा प्रश्न पडला होता. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने याची चर्चा केली आहे. पिळामुळे तंतू एकमेकांना आवळून धरतात. दोर जितका अधिक ताणावा तितकी ही मिठी घट्ट होते, आणि तंतू निसटण्याऐवजी भार वाटून घेतात. सुताला एका दिशेने पीळ, पेडांना उलट दिशेने. म्हणून एक उलगडू पाहतो तेव्हा दुसरा त्याला आवरतो. गॅलिलिओचे नावही न ऐकता आमच्या गावकारागिराच्या बोटांना हे ठाऊक होते.

परंतु दोराला एक खोड आहे. तो चाकावरून वाकला की त्याच्या बाहेरच्या अंगाला अधिक ताण बसतो, आतले तंतू एकमेकांवर घासतात, आणि दोर जितका जाड व चाक जितके लहान तितकी ही झीज अधिक. भार वाढला म्हणून दोर जाड करावा, तर चाकही मोठे करावे लागते. या पेचातून सुटण्याची एक युक्ती इंग्लंडातील शेफील्डच्या जॉन करने काढली. खाणींसाठी त्याने अनेक बारीक दोर शेजारी शेजारी ठेवून शिवले आणि चपटा पट्टा केला. त्याचे पेटंट १७९८ सालचे. पट्ट्याची रुंदी भार पेलते आणि जाडी कमी असल्याने तो सहज वाकतो.

दुसरी अडचण तुटण्याची. जर्मनीतील हार्ट्झच्या खाणींत ताग-अंबाडीसारख्याच जातीच्या तंतूंचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सारी साखळी गेली, आणि ती आगाऊ सूचना देत नाही. तेथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने वारंवार भार देऊन साखळ्यांची परीक्षा केली, आणि १८३४ साली क्लाउस्थाल येथे लोखंडी तारांचाच दोर वळला. तीन पेड, प्रत्येक पेडात चार तारा, तार साडेतीन मिलिमीटर जाडीची. रचना तीच, आपल्या विहिरीवरचीच. फक्त तंतूच्या जागी तार आली. त्यात एक तार तुटली तरी बाकीच्या भार धरून ठेवतात, आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. चांगला दोर तुटण्यापूर्वी बोलतो. ऐकणारा मात्र जागा हवा.

तरीही लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर स्वतः उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापविला. फळी बोटभर घसरली आणि खटक्यांनी जागीच अडकली. तीन वर्षांनी, १८५७ च्या मार्चमध्ये, त्याच शहरातील एका पाचमजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. आजच्या लिफ्टला एक नव्हे, अनेक दोर असतात. युरोपीय नियमांप्रमाणे तीन किंवा अधिक दोरांच्या लिफ्टमध्ये दोरांचे बळ भाराच्या किमान बारापट, आणि चाकाचा व्यास दोराच्या व्यासाच्या किमान चाळीसपट ठेवतात. नव्या नाड्याप्रमाणे नवा पोलादी दोरही ताणाने लांबतो, आणि तो पुन्हा आखूड करून घ्यावा लागतो.

गंमत अशी, की जॉन करचा पट्टा दोनशे वर्षांनी परत आला. २००० साली ओटिसच्याच नावाने चालणाऱ्या कंपनीने पोलादी तारांवर प्लास्टिकचे वेष्टण दिलेला, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा चपटा पट्टा लिफ्टसाठी आणला. त्याला वीतभराहून लहान चाक पुरते. त्यापुढे दोराच्या स्वतःच्या वजनाचा प्रश्न. पाचशे मीटरांपुढे पोलादी दोराची बरीचशी शक्ती स्वतःलाच उचलण्यात खर्च होते. म्हणून २०१३ साली फिनलंडच्या कोने कंपनीने कार्बनच्या तंतूंचा हलका पट्टा पुढे केला, आणि हजार मीटरांची चढण शक्य असल्याचे सांगितले. लोखंडावरून माणूस पुन्हा तंतूकडे वळला!

आणि संगमनेरच्या विहिरी? १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप. मोट गेली, तिच्याबरोबर नाड्याची गरज गेली, आणि नाडा वळणाऱ्याचे बलुतेही. त्या बलुत्यात अपमानही होता, म्हणून ते गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु ज्या बोटांना पिळाचे शास्त्र ठाऊक होते, त्यांच्या ज्ञानाची नोंद आपण कोठे केली? आल्बर्ट, कर, ओटिस यांची नावे ग्रंथांत आहेत. आपल्या शिवाराला शतकानुशतके पाणी पाजणाऱ्या नाड्याच्या कर्त्यांपैकी एकाचेही नाव आपण लिहून ठेवलेले नाही.

उद्या लिफ्टमध्ये पाऊल टाकाल तेव्हा, श्रोतेहो, क्षणभर वर पाहा. दोर दिसणार नाही. पण त्यातला पीळ तोच आहे.