इटलीची सुरई आणि जुन्नरचा भोजनमंडप

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस बहिणीकडे मुंबईस जायचे, हा आमच्या घरचा जुना प्रघात. खेड्यातल्या मास्तराला मुंबईत काम ते कसले! बहिणीच्या हातचे जेवायचे, पुस्तकांच्या दुकानात एक फेरी मारायची, समुद्र पाहायचा आणि पाय दुखू लागले की मुकाट्याने निमगाव सावा गाठायचे. यंदा मात्र भाच्याने हा बेत मोडला. त्याला नोकरी लागून सहा महिने झाले होते. तो म्हणाला, "मामा, आज तुम्हांला इटालियन जेवण घालतो. पण सहाच्या आत पोचायला हवे. सातपर्यंतच हॅपी अवर असतो."

शब्द कानावर पडला की त्याची फोड केल्यावाचून मास्तराला चैन पडत नाही. मी विचारले, "आनंदाचा तास? वेळापत्रकात हा मराठीच्या आधी येतो की गणिताच्या नंतर?"

भाच्याने हसत हसत समजावून दिले. संध्याकाळी गिऱ्हाईक नसते, त्या वेळात मद्याचे भाव उतरवतात, किंवा एका पेल्यावर दुसरा फुकट देतात. म्हणजे गणिताचाच तास म्हणायचा! हा शब्दप्रयोग रूढ झाला तो अमेरिकन आरमारात, १९१० नंतरच्या दशकात. जहाजावर कंटाळलेल्या खलाशांसाठी गाणे, नाच, कुस्ती असा करमणुकीचा वेळ ठेवीत, त्याला ते हॅपी अवर म्हणत. पुढे तो शब्द जहाजावरून उतरला आणि गुत्त्यात जाऊन बसला.

आम्ही गेलो ते उपाहारगृह मोठे झकपक होते. नाव सांगत नाही. त्याचे कारण पुढे कळेल. भाच्याने एक पेला मागवला, तर नियमाप्रमाणे दोन आले. दुसरा माझ्यापुढे ठेवण्यात आला. मी म्हणालो, "मी घेत नाही. मला साधे पाणी द्या." वाढपी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. शाळेत फी न भरलेल्या मुलाकडे कारकून पाहतो ना, तसा! मग पाणी आले ते बाटलीतले, आणि त्याची किंमत वाचून माझी तहान आपोआप भागली.

वाचकहो, मी घेत नाही याचे कारण सोवळेपणा नव्हे. माझ्या वर्गात दर वर्षी एखादे तरी पोर असे असते, की शाळा सुटली तरी त्याचा पाय घराकडे वळत नाही. ते फळा पुन्हा पुन्हा पुसते, खडूचे तुकडे गोळा करते, माझी पिशवी उचलायला धावते. दिवस मावळला की त्याच्या घरात काय येते, ते मला ठाऊक असते आणि ते मला ठाऊक आहे हे त्यालाही माहीत असते. आम्ही दोघेही त्याबद्दल बोलत नाही. मुंबईत ज्या घटकेला आनंदाचा तास म्हणतात, नेमकी तीच ती घटका. तो दुसरा पेला समोर आला तेव्हा मला इटली दिसली नाही, ते पोर दिसले.

भाचा ओशाळला. "मामा, चुकलेच माझे. चांगले इटालियन हॉटेल शोधायला हवे होते."

चांगले म्हणजे कसे? त्या प्रश्नाने माझी पाठ धरली ती थेट जुन्नरपर्यंत. कारण इटलीचे मद्य आपल्या देशी काही आजकाल आलेले नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्द्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. भडोच बंदरात काय खपते याची त्यात यादी आहे. त्या यादीत मद्याला मान आहे, आणि मद्यांतही पसंती इटलीच्या मद्याला. सीरिया आणि अरबस्तानचे त्याच्या मागून. शिवाय तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि रोमची सोन्याचांदीची नाणी. राजासाठी निराळे सामान असे : चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची वस्त्रे आणि उत्तम मद्य. बदल्यात आपला माल जाई : सुती कापड, हस्तिदंत, अकीक, पिंपळी.

त्या सुरईचा प्रवास पाहा. तिला अँफोरा म्हणत. दोन कान, उंच मान आणि तळाशी निमुळते टोक. आतून राळेचा लेप आणि पोटात पंचवीस लिटरांच्या आसपास मद्य. नेपल्सच्या आखाताजवळच्या कुंभाराने घडवलेली असली, तर तिच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू असते, आणि त्या वाळूवरून संशोधक आजही तिचे माहेर ओळखतात. इटलीतून ती अलेक्झांड्रियास येई. तिथून नाईल नदीतून नावेने, मग वाळवंटातून उंटाच्या पाठीवर, मग तांबड्या समुद्रातल्या जहाजात. जुलैच्या सुमारास जहाज सुटले की मोसमी वाऱ्याच्या पाठीवर बसून ते आपल्या किनाऱ्याला लागे. जो वारा आमच्या शेतकऱ्याच्या बाजरीला पाऊस आणतो, तोच इटलीची सुरई आणीत होता!

किनाऱ्यावरून माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. कल्याणहून जुन्नरकडे येणारी वाट नाणेघाटाची. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिने यज्ञांची आणि दानांची नोंद कोरून ठेवली आहे, आणि बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीचा पैसा त्यात टाकीत अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. तिथून पुढे आलात की जुन्नर. आज आम्ही बाजारहाटाला जातो ते हे तालुक्याचे गाव त्या काळी दख्खनमधले एक महानगर होते. भोवतीच्या डोंगरांत लेण्यांचे गटच्या गट आहेत. ती खोदवण्याइतका पैसा ज्या पेठेत होता, ती पेठ केवढी असेल! अँफोऱ्याचे तुकडे घाटावर नेवाशाच्या उत्खननात निघाले. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीला तर समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली. समुद्रापासून इतक्या दूर, उसाच्या मुलुखात, रोमनांचा दर्यादेव!

ही पेठ काही शांततेत नांदत नव्हती. पेरिप्लसकार सांगतो की थोरल्या सातवाहन राजाच्या वेळी कल्याण हे राजमान्य बंदर होते. पण पुढे सत्ता बदलली आणि तिकडे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांचा हा झगडा. जुन्नरही काही काळ क्षत्रपांकडे होते.

आणि आता खरी गोष्ट. जुन्नरच्या लेण्यांत तीन छोटे शिलालेख असे आहेत, की ज्यांत दान देणारा स्वतःला यवन म्हणवतो. यवन म्हणजे मूळचे ग्रीक; पण पुढे पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच लोक यवन म्हणू लागले. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग करवून दिला. आणि तिसरा, चिट नावाचा, त्याने संघाला काय द्यावे? भोजनमटप! म्हणजे भोजनमंडप. भिक्षूंनी बसून जेवावे म्हणून डोंगरात कोरलेले दालन.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून मद्य येत होते, त्यांच्याच मुलखाचे नाव लावणाऱ्या माणसाने आमच्या तालुक्यात जेवणाचे दालन बांधून दिले, आणि तेही कुणासाठी? मद्याला न शिवण्याचे ज्यांचे व्रत होते त्यांच्यासाठी. भिक्षूला सुरा वर्ज्य आणि मध्यान्हीनंतर जेवणही वर्ज्य. म्हणजे चिटाच्या मंडपातला आनंदाचा तास दुपारी बाराच्या आत आटपत असणार! आपण काय विकतो हे त्याने पाहिले नाही. बसणाऱ्याला काय लागते ते पाहिले. त्याच जुन्नरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दान दिले तेही असेच : एक मंडप आणि एक पाण्याचे टाके. बसायला जागा आणि प्यायला पाणी. आतिथ्याची याहून लहान आणि याहून पुरी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, हा धर्म झाला, दुकानाचे काय? तर दुकानाचेही ऐका. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एका मद्याच्या दुकानाच्या भिंतीवर भाव लिहिलेले सापडले आहेत. एका नाण्याला साधे, दोन नाण्यांना त्याहून बरे आणि चार नाण्यांना नामांकित फालेर्नियन. खिसा पाहून पेला भरायची विद्या अशी दोन हजार वर्षांची जुनी आहे. पण सभ्य रोमन माणूस मद्यात पाणी मिसळून पीत असे. निखळ पिणाऱ्याला ते रानटी समजत. आजही इटलीत संध्याकाळी जेवणाआधी थोडे पेय घेण्याची रीत आहे. तिला ‘अपेरितीव्हो’ म्हणतात. मूळ धातूचा अर्थ ‘उघडणे’. भूक उघडण्यापुरते घ्यायचे, सोबत चार घास खायचे आणि जेवायला उठायचे. तुरीन शहरात कार्पानोने १७८६ मध्ये वेर्मूथ तयार केले आणि १८६० मध्ये गास्पारे कांपारीने आपले तांबडे कडू पेय काढले, तेव्हापासून ही रीत फोफावली. तिथे पेला हा जेवणाचा चोपदार आहे. आमच्या आनंदाच्या तासात चोपदारच गादीवर चढून बसला आहे.

मुंबईला इटालियन हात तसे जुनेच ठाऊक आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर्टात दोन इटालियन भावांचा मोंजिनीज हा खानपानाचा धंदा गोऱ्या साहेबांत नावाजलेला होता. १९५८ मध्ये तो खोराकीवाला कुटुंबाने घेतला, आणि आज ते नाव आमच्या तालुक्यातल्या पोरांनाही वाढदिवसाच्या केकमुळे माहीत आहे. मधल्या काळात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि पिणाऱ्याला परवाना लागू लागला. बंधने पुढे सैल झाली, पण ‘परमिट रूम’ ही पाटी मात्र रस्त्यारस्त्यावर राहून गेली. बंदीची खूणच धंद्याची पाटी होऊन बसली. असा विनोद मराठी मुलखातच घडावा!

मद्याची आम्हांला नवलाई नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या नारायणगावाला द्राक्षांचे मळे आहेत. १९८० नंतरच्या दशकात तिथेच चौगुल्यांच्या शातो इंडाज या कारखान्याने फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाइन तयार करून परदेशी धाडली होती. पुढे ती कंपनी अडचणीत आली. पण दोन हजार वर्षांपूर्वी जे मद्य समुद्र ओलांडून इकडे येत होते, ते एकदा उलट्या दिशेने गेले, ही गोष्ट खरी.

आणि जेवणाचे म्हणाल, तर इटलीच्या ताटात परके फारसे काही नाही. पिझ्झ्यावरचा टोमॅटो मूळचा अमेरिकेचा; तो सोळाव्या शतकात युरोपात गेला. चिट यवनाने टोमॅटो पाहिलासुद्धा नव्हता. आज नारायणगावच्या बाजारात त्याच टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात. पास्ता ज्या कठीण गव्हाचा होतो, तो आपला बन्सी गहू. माझी आई त्याच गव्हाच्या रव्याच्या शेवया पाटावर वळीत असे. प्राचीन रोमनांची लापशी ज्या गव्हाची, तो आपल्याकडच्या खपलीचा सख्खा भाऊ. भाच्याने मागवलेला पास्ता खाताना मला मुळीच परके वाटले नाही. परके वाटले ते पाणी मागताना.

दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने मला पुन्हा बाहेर काढले. ही जागा लहान होती; गल्लीतली, आठ-दहा टेबलांची. बसल्याबरोबर न मागता पाण्याचा तांब्या आला, पाव आला, तेलाची वाटी आली. भाव उतरल्याची पाटी इथेही होती, पण कुणी ती आमच्या डोळ्यांपुढे नाचवली नाही. भाच्याने एकच पेला मागवला, तो जेवणाबरोबर पुरवून पुरवून घेतला आणि दुसरा नको म्हणाला. वाढप्याने मान हलवली आणि माझा पेला पाण्याने पुन्हा भरला. शेजारच्या टेबलावर एक आजी आपल्या नातवाला शेवयांसारखा पास्ता काट्याला गुंडाळायला शिकवत होत्या.

"मामा, हे बरे आहे का?" भाच्याने विचारले.

मी म्हणालो, "अरे, याला जुन्नरचा दाखला आहे."

तो या दिवाळीला गावी यायचा आहे. बहीणही येईल. त्याला नाणेघाटात नेऊन तो रांजण दाखवायचा, लेण्यांत हिंडवायचे, आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे असे मी ठरवले आहे. कारण त्या घटकेला अंगणात पणत्या लावायच्या असतात. फळा पुसणाऱ्या एका पोरालाही मी फराळाला बोलावले आहे. त्याला सांगितले आहे, संध्याकाळीच ये. उशीर झाला तरी बस.