आधुनिक नृत्यरचना आणि तिचे चित्रजतन

नवी दिल्ली – नृत्यरचना रंगमंचावर आकार घेते आणि प्रयोग संपताच दृष्टीआड होते. शास्त्रीय नृत्याला गुरुशिष्य परंपरेचा आधार असतो. एका पिढीच्या देहातून ते दुसऱ्या पिढीच्या देहात उतरते. आधुनिक नृत्यरचनेची स्थिती वेगळी आहे. ती एका रचनाकाराची स्वतंत्र निर्मिती असते. रचनाकार गेला आणि त्याचे पथक विखुरले की रचनाही लोप पावण्याचा धोका असतो. त्यामुळे चित्रीकरण हा तिच्या जतनाचा एक प्रमुख मार्ग ठरतो. मात्र चित्रीकरण झाले म्हणजे जतन झाले, असे मानता येत नाही, हे भारतातील अनुभवावरून दिसून येते.

उदय शंकर आणि ‘कल्पना’

भारतीय आधुनिक नृत्याची सुरुवात सामान्यतः उदय शंकर (१९००–१९७७) यांच्यापासून मानली जाते. १९२३ मध्ये लंडन येथे त्यांनी विख्यात रशियन नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा यांच्यासमवेत भारतीय विषयांवरील नृत्ये सादर केली. पुढे भारतात परतून त्यांनी हिमालयाच्या कुशीत अल्मोडा येथे कलाकेंद्र स्थापन केले. नरेंद्र शर्मा, शांती बर्धन आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेले गुरुदत्त हे कलावंत या केंद्राशी निगडित होते. आर्थिक अडचणींमुळे काही वर्षांतच केंद्र बंद पडले.

त्यानंतर उदय शंकर यांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ हा चित्रपट तयार केला. तो १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. उदय शंकर आणि त्यांच्या पत्नी अमला शंकर यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या, तर संगीत विष्णुदास शिराली यांचे होते. कलाकेंद्र उभारण्याचे स्वप्न पाहणाऱ्या नर्तकाची ही कथा आहे. अल्मोड्यात घडलेल्या काही रचनांना या चित्रपटात स्थान मिळाले. श्रम आणि यंत्र यांच्या संबंधावरील रचना ही त्यांपैकी प्रमुख होय. मात्र ‘कल्पना’ ही रंगमंचावरील प्रयोगाची नोंद नव्हे. त्यातील नृत्ये कॅमेऱ्यासाठी नव्याने बांधलेली असून छायाप्रकाश, कोन आणि संकलन हेही त्या रचनेचेच भाग आहेत. चित्रपटाला व्यावसायिक यश लाभले नाही.

पुण्यातील प्रत, इटलीतील पुनरुज्जीवन

‘कल्पना’ आज पाहता येतो, याचे मोठे श्रेय पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जाते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाने चित्रपटाची सामग्री सांभाळली होती. त्या आधारे अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनच्या पुढाकाराने इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत चित्रपटाचे पुनरुज्जीवन करण्यात आले. मे २०१२ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपट विभागात तो दाखविण्यात आला, तेव्हा अमला शंकर तेथे उपस्थित होत्या. त्यांचे २०२० मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी निधन झाले.

हे भाग्य सर्वच चित्रफितींच्या वाट्याला आले नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात संग्रहालयाच्या साठ्याला लागलेल्या आगीत नायट्रेट फितींवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. नायट्रेट फीत अतिशय ज्वालाग्राही असते. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

दिल्लीतील परंपरा

अल्मोड्याची परंपरा दिल्लीत रुजविण्यात नरेंद्र शर्मा यांचा मोठा वाटा होता. मॉडर्न स्कूलमध्ये त्यांनी दीर्घकाळ नृत्य शिकविले. १९७२ मध्ये त्यांनी ‘भूमिका’ ही नृत्यसंस्था स्थापन केली. त्यांचे २००८ मध्ये निधन झाले. भारतीय कला केंद्राने १९५७ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या रामलीला नृत्यनाट्याच्या आरंभीच्या दिग्दर्शनाशीही त्यांचे नाव निगडित आहे. हे नृत्यनाट्य पुढील दशकांतही सादर होत राहिले आणि त्यात वेळोवेळी बदल होत गेले. येथे जतनाचा एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. चालू प्रयोगामुळे कलाकृती जिवंत राहते. परंतु तिचे मूळ रूप कसे होते, हे त्या त्या काळच्या नोंदींवरूनच कळू शकते.

दिल्लीत अशा नोंदींचे काम करणारी प्रमुख संस्था म्हणजे संगीत नाटक अकादमी. १९५३ मध्ये उद्घाटन झालेल्या या अकादमीच्या रवींद्र भवनातील संग्रहात संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्या ध्वनिफिती, चित्रफिती व छायाचित्रे आहेत.

कायद्याची बाजू

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नृत्यरचना ही ‘नाट्यकृती’ या व्याख्येत येते. मात्र तिचे स्वरूप लेखी किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेले असावे, अशी अट आहे. त्याच व्याख्येतून चित्रपट वगळलेला असून त्याला स्वतंत्र संरक्षण आहे. परिणामी नृत्यरचनेचा हक्क रचनाकाराकडे, तर तिच्या चित्रपटाचा हक्क निर्मात्याकडे असू शकतो. नाट्यकृतीचे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर चित्रपटाचे प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहते.

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये दिला. ज्ञानपीठ पुरस्कार विजेते कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांनी यक्षगानाला नव्या बॅलेचे रूप दिले होते. त्यांच्या निधनानंतर २००१ मध्ये या पद्धतीचा एक प्रयोग दिल्लीत झाला आणि त्यावरून हक्काचा वाद न्यायालयात गेला. बॅले ही साहित्यकृती नसून नाट्यकृती आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. साहित्यकृतींविषयीच्या तरतुदीत तिचा समावेश होत नसला, तरी मृत्युपत्रातील उर्वरित मालमत्तेच्या तरतुदीनुसार हा हक्क संबंधित वारसाकडे जातो, असा निर्णय देण्यात आला.

केवळ फीत पुरेशी नाही

चित्रीकरणाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. एका नर्तकाचा चेहरा जवळून टिपताना इतरांच्या हालचाली चौकटीबाहेर राहतात. संपूर्ण रंगमंच दूरून टिपल्यास हस्तमुद्रांचे बारकावे हरवतात. चुंबकीय फिती कालांतराने खराब होतात आणि त्या चालविणारी यंत्रेही दुर्मीळ होत जातात. संगणकीय प्रतीही वेळोवेळी नव्या माध्यमात उतरवून घ्याव्या लागतात.

अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांचे २००९ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या संस्थेने पूर्वनियोजनानुसार २०११ अखेर आपले पथक विसर्जित केले. तत्पूर्वी अनेक रचनांसाठी चित्रफिती, रचनाकाराची टिपणे, संगीत, प्रकाशयोजना आणि वेशभूषा यांची माहिती एकत्र संकलित करण्यात आली. इतर पथकांना त्या रचना पुन्हा उभ्या करता याव्यात, हा त्यामागील हेतू होता.

भारतातील आधुनिक नृत्यासाठीही हा मार्ग उपयुक्त आहे. संपूर्ण रंगमंचाचे आणि जवळून केलेले असे दोन्ही प्रकारचे चित्रीकरण, तालमींची टिपणे, मूळ नर्तकांच्या मुलाखती आणि हक्कांविषयीचा लेखी करार यांची सांगड घातली जाणे आवश्यक आहे. यांतील मुलाखतींचे काम सर्वांत तातडीचे आहे, कारण अल्मोड्याच्या केंद्रात प्रत्यक्ष शिकलेली पिढी आता जवळपास काळाच्या पडद्याआड गेली आहे. त्यांच्याकडून शिकलेले नर्तक आणि शिक्षक आहेत, तोवरच या नोंदी पूर्ण करून घेता येतील.