पोरामागे बारा शिलिंग

दर जूनमध्ये माझा मामा गावात घरोघर फिरायचा. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. कुणाचं पोर यंदा सहा वर्षांचं झालं, ऊसतोडीला गेलेल्यांपैकी कोण परत आलं, कोण आपल्या मुलीला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालायचं म्हणतंय, सगळं त्याला पाठ. सुट्टीत त्याच्याबरोबर मीही हिंडायचो. लहानपणी मला वाटायचं मामा इलेक्शनला उभा आहे :)

एकदा विचारलं तर म्हणाला, "पट टिकला पाहिजे रे. पट गेला की पद गेलं."

तेव्हा काही कळलं नाही. मग कधीतरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचलं आणि ट्यूब पेटली. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असतील तर तीन. म्हणजे एकसष्टावं पोर शाळेत आलं की त्याच्यापाठोपाठ एक अख्खा मास्तर येतो, आणि ते पोर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं की मास्तरही जातो. पैशाचंही तसंच. 'समग्र शिक्षा'मधून शाळेला जे वार्षिक अनुदान मिळतं, त्याच्या पायऱ्या पटावरच ठरवल्या गेल्या. २०२१ नंतरच्या दरांप्रमाणे ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, आणि ३१ ते १०० मुलं असतील तर २५,०००.

प्रोग्रॅमरच्या डोळ्यांना असं इफ-एल्स दिसलं की पहिला प्रश्न पडतो तो सीमारेषेचा. ३० आणि ३१ च्या मध्ये, ६० आणि ६१ च्या मध्ये माणसं काय करत असतील?

आमच्या जुन्या ऑफिसात एक वर्ष टेस्टर लोकांचं रेटिंग 'किती बग शोधले' यावर ठरलं होतं. त्या वर्षी एका स्क्रीनवरच्या एकाच स्पेलिंग मिस्टेकचे तीन बग नोंदवले गेले. कुणी चोर नव्हतं हो, सगळी चांगली माणसं. पण जे मोजलं जातं ते माणसं तयार करतात. तर हा मोजणीचा खेळ शाळांवर आधी कुणी करून पाहिलाय का, हे शोधत दोन वीकेंड घालवले. सापडला एक इंग्रज, आणि त्याचा धागा फिरत फिरत थेट पुण्यात येऊन पोचला.

त्याचं नाव रॉबर्ट लोव. इंग्लंडमध्ये सरकारने प्राथमिक शाळांना पैसे द्यायला सुरुवात केली १८३३ मध्ये, तेही फक्त २०,००० पौंड. शाळा बहुतेक चर्चच्या संस्थांच्या. पुढे शिक्षकांच्या पगाराला, शिकाऊ शिक्षकांना अशी मदत वाढत गेली आणि १८६१ पर्यंत आकडा आठ लाख पौंडांच्या वर गेला. त्याच वर्षी न्यूकॅसल कमिशनचा अहवाल आला: शाळा बऱ्या आहेत, पण बरीच मुलं साधं लिहिणं-वाचणंही धड न शिकता बाहेर पडतात. लोव तेव्हा सरकारात शिक्षणखातं बघत होता. माणूस हुशार, तिरकस, टाइम्समध्ये अग्रलेख लिहिणारा. पार्लमेंटमध्ये त्याने सांगितलं, ही पद्धत स्वस्त पडली नाही तर निदान कामाची होईल, आणि कामाची नसेल तर निदान स्वस्त पडेल. (हे वाक्य ऐकून आपल्या क्लायंटची आठवण आली की नाही?)

१८६२ मध्ये त्याचा 'रिव्हाइज्ड कोड' लागू झाला. फॉर्म्युला असा:

सरासरी हजेरीतल्या प्रत्येक मुलामागे ४ शिलिंग.
वर्षातून किमान २०० हजेऱ्या भरलेल्या (सकाळ आणि दुपार वेगवेगळी मोजून) सहा वर्षांवरच्या मुलाची इन्स्पेक्टरने परीक्षा घ्यायची. वाचन, लेखन, गणित. तिन्हीत पास झाला तर आणखी ८ शिलिंग.
नापास झाला तर दर विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे.

१२ पेन्सचा एक शिलिंग. ८ शिलिंग म्हणजे ९६ पेन्स, भागिले तीन म्हणजे ३२ पेन्स, म्हणजेच २ शिलिंग ८ पेन्स. हिशोब बरोबर. एका पोरामागे जास्तीत जास्त १२ शिलिंग. एका ओळीचा फंक्शन, इनपुट स्पष्ट, आउटपुट स्पष्ट. मी असतो तर कोड रिव्ह्यूमध्ये पास केला असता.

आणि तिथेच फसलो असतो.

कारण या फंक्शनच्या पलीकडे एक मास्तर बसला होता. आधी सरकारी मदत थेट त्याच्या नावाने यायची. आता सगळे पैसे शाळेच्या व्यवस्थापकांकडे, आणि त्याचा पगार किती हे त्यांच्याशी होणाऱ्या सौद्यावर. बऱ्याच ठिकाणी सौदा सरळ होता, ग्रँटमधला अमुक हिस्सा तुझा. म्हणजे एका आठ वर्षांच्या पोराचं गणित चुकलं की मास्तरच्या घरातले पेन्स जायचे.

मग जे व्हायचं ते झालं. मुलं वर्षभर एकच वाचनाचं पुस्तक घोकायची. ती इतकी पाठ व्हायची की काही पोरं पुस्तक उलटं धरूनही धडाधड 'वाचायची', असे किस्से इन्स्पेक्टर लोकांनी सांगून ठेवलेत. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलं पांघरुणात गुंडाळून आणल्याच्या नोंदी आहेत. इतिहास-भूगोलाला सुरुवातीला पैसे नव्हते, म्हणून ते विषय मागे पडले. हुशार मुलावर वेळ घालवून फायदा नाही, तो तसाही पास होणार. लक्ष सगळं काठावरच्या पोरांवर. हजेरीचंही तसंच. गावात जत्रा किंवा सुगी असेल त्या दिवशी शाळा उघडी ठेवली तर सरासरी पडणार, त्यापेक्षा सुट्टी दिलेली बरी!

हे सगळं कळतं कशावरून? तर याच कोडने प्रत्येक मुख्याध्यापकाला लॉगबुक ठेवायची सक्ती केली. हो, लॉगबुक! आणि नियम असा की त्यात फक्त घटना लिहायच्या, स्वतःची मतं नाहीत. त्यातल्या बऱ्याच वह्या आजही तिकडच्या दफ्तरखान्यांत आहेत. मतं लिहायला बंदी होती खरी, पण हजेरी, पाऊस, गोवर आणि इन्स्पेक्टर हेच शब्द पानापानावर परत परत येऊ लागले की मास्तरची झोप कशाने उडाली होती ते न लिहिताही समजतं.

विरोध झाला नाही असं नाही. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी पोटापाण्यासाठी शाळा-इन्स्पेक्टर होता. नोकरीत राहून त्याने सरकारी अहवालांतच लिहिलं की ही परीक्षा यांत्रिक झाली आहे आणि खरंखुरं न शिकवताही मुलांना पास करता येतं. लोवचं स्वतःचं काय झालं ते तर सिनेमासारखं आहे. त्याचं खातं इन्स्पेक्टरांच्या अहवालांतली गैरसोयीची मतं गाळतं, असा आरोप पार्लमेंटमध्ये झाला आणि १८६४ मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढे चौकशीत तो निर्दोष ठरला, पण त्याचा कोड मात्र चालूच राहिला. त्यातलं एक वचन पाळलं गेलं हे खरं: सरकारचा खर्च १८६१ च्या आठ लाखांवरून १८६५ मध्ये साडेसहा लाख पौंडांच्याही खाली आला. स्वस्त तर पडलं :(

निकालावर पैसे देण्याचा हा प्रकार तिकडे १८९० पासून मोडीत निघू लागला आणि १८९७ पर्यंत संपला. मधल्या काळात, १८९१ मध्ये, एक वेगळाच कायदा आला. मुलामागे वर्षाला १० शिलिंग सरकार देईल, त्या बदल्यात शाळेने फी कमी करायची किंवा बंद करायची. पैसे पुन्हा सरासरी हजेरीतल्या मुलामागेच! पण यात परीक्षेची अट नव्हती. त्यामुळे बहुतेक प्राथमिक शिक्षण फुकट झालं. म्हणजे 'मुलामागे पैसे' हेच मुळात वाईट, असं म्हणून सुटता येत नाही.

आता पुण्याकडे येऊ.

लोवचा कोड बोटीत बसून इकडेही आला. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकातच खाजगी शाळांना निकालावर अनुदान द्यायची पद्धत सुरू झाली. खेड्यापाड्यातल्या सरकारी शाळांचा पैसा वेगळा होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' शेतकऱ्याकडून घ्यायचे, त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला. १८८२ मध्ये विल्यम हंटरच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याच्यासमोर १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं एक निवेदन आलं, जोतीराव फुल्यांचं.

हे निवेदन आपल्याला शाळेत एका ओळीत शिकवतात: बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. बरोबर आहे. पण मी ते 'फंडिंग डिझाइन' म्हणून वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो.

फुले म्हणतात, प्राथमिक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात निदान १५ ते २०. जो मास्तर जास्त मुलं पास करील त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्या. शाळांची तपासणी वर्षातून एकदा नको, तिमाहीला करा. आणि शिवाय अधूनमधून, आगाऊ न कळवता, अचानक जा.

बघा हं. निकाल मोजायला फुल्यांचाही विरोध नाही. ते भाबडे नव्हते, कंत्राटदारी केलेला माणूस, माणसं पैशापुढे कशी वागतात हे त्यांना पक्कं माहीत. पण लोवने मास्तरची भाकरीच निकालावर टांगली. फुल्यांनी भाकरी आधी पक्की केली आणि निकालावर ठेवला तो वरचा गूळ. लोवचा इन्स्पेक्टर ठरलेल्या दिवशी येणार, म्हणून तो दिवस रंगवता यायचा. फुल्यांचा इन्स्पेक्टर कधीही टपकणार. फरक एवढाच, पण सगळा फरक तोच.

आयोगाने काय केलं? प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर द्यावी, अशी शिफारस केली. म्हणजे लोवचं व्हर्जन! इंग्लंडने टाकून दिल्यावरही ते इथे काही वर्षं चालत राहिलं. कर्झनच्या काळातल्या १९०४ च्या सरकारी ठरावाने ते मोडीत काढलं.

आणि आपण? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ३ ते ५ तारखेला महाराष्ट्रभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. रजिस्टरवर होती पण वर्गात नव्हती अशी लाखो मुलं निघाली. आपण संतापलो, आणि संतापायलाच हवं होतं, तो पैसा खऱ्या पोरांचा होता. पण गंमत बघा, ती मोहीम म्हणजे फुल्यांच्या मागणीतलं तपासणीचं कलम, सव्वाशेहून अधिक वर्षं उशिरा. पहिलं कलम, म्हणजे खालची फरशी पक्की करणं, ते मात्र राहूनच गेलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विचार पुढे आला, तेव्हा मला त्या शाळांमधलं अकरावं, बारावं पोर दिसत होतं. त्याचा दोष एवढाच की त्याच्या वाडीत आणखी पोरं नाहीत.

मोजायलाच हवं, मोजल्याशिवाय पैसा कुठे मुरतो ते कळणार नाही. पण मोजणीच्या खाली एक तळ असावा, जिथून कुठलीच शाळा आणि कुठलाच मास्तर खाली पडणार नाही. एवढीच ती बारा रुपयांची मागणी होती.

मामा आता रिटायर झालाय. परवा फोनवर त्याला हे सगळं ऐकवलं, १२ शिलिंग, लॉगबुक, पुस्तक उलटं धरणारी पोरं. खूप हसला. मग म्हणाला, "एका वर्षी साठच मुलं होती बघ. एकसष्टावं मिळावं म्हणून पारध्यांच्या पालावर चार चकरा मारल्या. मिळाली एक पोरगी. पटासाठी आणली होती खरी... पण पुढे दहावी झाली ती."

यावर काय बोलणार? फॉर्म्युल्याने कधीकधी चांगलंही होतं. पण ते त्या फॉर्म्युल्याचं श्रेय की चार चकरा मारणाऱ्याचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. बरंच लांबलं. सोमवार आहे उद्या.