क्षमा नाकारणारा अपराधी

नेपोलियनच्या चरित्रांतील लढायांचीं नांवें शाळेंत असल्यापासून आपल्या कानांवरून गेलेलीं असतात. ऑस्टर्लिट्झ, येना, वाग्राम यांचे नकाशेहि पुष्कळांनीं पाहिलेले असतील. परंतु वाग्रामच्या विजयानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं व्हिएन्नाजवळील शेनब्रुनच्या राजवाड्यांत या जगज्जेत्याला जो एक लहानसा पेंच पडला, त्याची हकीकत बहुतेक चरित्रकार चार ओळींत उरकून घेतात. सतरा वर्षांच्या एका परकी मुलाला मारावें कीं सोडावें, एवढाच तो प्रश्न होता. आमच्या मतें सम्राटाच्या स्वभावाची खरी पारख वाग्रामच्या रणांगणापेक्षां या प्रसंगांतच अधिक होते, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

1809 सालच्या जुलै महिन्याच्या 5 व 6 तारखांस वाग्रामची लढाई झाली आणि ऑस्ट्रियाचा कणा मोडला. तहाचीं बोलणीं मात्र लांबत चाललीं होतीं, आणि नेपोलियन शेनब्रुन येथें तळ देऊन राहिला होता. राजवाड्यासमोरील पटांगणांत फौजेची कवाईत होई व ती पाहण्यास शहरांतील लोक गर्दी करीत. 12 ऑक्टोबर रोजीं या गर्दींतून एक तरुण पुढें सरकला व आपणांस सम्राटाशीं बोलावयाचें आहे असें सांगूं लागला. सेनापति रॅप यानें त्याला मागें हटविलें. तो पुन्हां पुढें आला. त्याचा उजवा हात अंगरख्याच्या खिशांत होता, आणि त्याच्या डोळ्यांतील कांहीं विलक्षण भाव पाहून रॅपला संशय आला. त्यानें मुलाला पकडविलें. झडतींत स्वयंपाकघरांतला एक मोठा सुरा, एका तरुण स्त्रीची तसबीर आणि थोडीं सोन्याचीं नाणीं मिळालीं. सुरा कशासाठीं, हें आपण नेपोलियनलाच सांगूं, असें तो म्हणाला. आणि त्याला ठार मारावयाचें होतें काय असें विचारतांच, होय म्हणून मोकळा झाला.

त्याचें नांव फ्रीड्रिख श्टाप्स. नाउम्बुर्ग येथील एका लूथरपंथी धर्मोपदेशकाचा तो मुलगा; 1792 च्या मार्चमध्यें जन्मलेला आणि एर्फुर्ट येथें व्यापाराच्या पेढीवर उमेदवारी करणारा. नाउम्बुर्ग हें सॅक्सनीच्या राजाच्या मुलखांत, आणि तो राजा तर नेपोलियनचा दोस्त; एर्फुर्ट हें खुद्द फ्रेंचांच्या ताब्यांत; गुन्हा घडला तो ऑस्ट्रियाच्या राजधानीच्या वेशीवर. तेव्हां हा मुलगा परका खरा, पण नक्की कोणाचा परका, याचें उत्तर कायदेपंडितांनाहि सहज देतां आलें नसतें. त्याला स्वतःला मात्र शंका नव्हती. तो स्वतःला जर्मन म्हणवीत होता, आणि त्या काळीं जर्मनी नांवाचें राज्यच पृथ्वीवर नव्हतें!

पुढची हकीकत रॅपनेंच आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. तारखांच्या बाबतींत हा गृहस्थ भरंवशाचा नाहीं. त्याची दिवसगणती तहाच्या तारखेशीं जुळत नाहीं. परंतु तो आल्सेसमधील कोल्मारचा, जर्मन भाषा उत्तम जाणणारा, आणि सम्राट व अपराधी यांच्यामध्यें दुभाषा म्हणून स्वतः उभा असलेला. त्यामुळें संभाषणाच्या बाबतींत त्याच्यासारखा साक्षीदार दुसरा मिळणें नाहीं. हात पाठीमागें बांधलेल्या स्थितींत श्टाप्सला आंत आणलें तेव्हां नेपोलियननें त्याला प्रथम विचारलें तें, तूं वेडा आहेस काय; मग, तूं आजारी आहेस काय; मग, कोण्या गुप्त मंडळाचा तूं सभासद आहेस काय. मुलानें तिन्ही गोष्टी नाकारल्या. तेवढ्यानें समाधान न होऊन सम्राटानें आपला वैद्य कोर्व्हिसार यास बोलावून नाडी पाहावयास लाविली. मुलगा निरोगी आहे, असा वैद्यानें निर्वाळा दिला, आणि मुलालाच त्याचें समाधान वाटलेलें दिसलें!

या प्रश्नांचा क्रम आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. वेड, आजार, दुसऱ्यांची फूस, यांपैकीं कोणतेंहि एक दार उघडलें असतें, तर त्यांतून क्षमेला मानानें बाहेर पडतां आलें असतें. वेड्याला कोणी फांशीं देत नाहीं. फसविलेल्या पोराला दटावून घरीं धाडतां येतें. नेपोलियन तें दार शोधीत होता, असें म्हटल्यास त्याच्यावर अन्याय होणार नाहीं. अखेर त्यानें उघडच सांगितलें कीं, झाल्या गोष्टीबद्दल क्षमा माग, मी तुला जीवदान देतों. मुलानें उत्तर दिलें कीं, मला क्षमा नको. बेत फसला याचेंच काय तें दुःख आहे. आणि तुम्हांला मारणें हा गुन्हा नसून कर्तव्य आहे. तसबिरींतल्या मुलीला या कृत्यानें दुःख होईल, असें म्हणून पाहिलें. तिला दुःख होईल तें बेत फसल्याचें, असें उत्तर आलें. शेवटीं सम्राटानें विचारलें कीं, मी तुला सोडलें तर तूं माझे उपकार मानशील काय? त्यावर, तरीहि मी तुम्हांला मारीनच, असें त्यानें सांगितलें. रॅप म्हणतो कीं हें ऐकून नेपोलियन थक्क झाला.

येथें राजाची बाजूहि पाहिली पाहिजे. पंधराव्या लुईला 1757 सालीं दामियां नांवाच्या इसमानें चाकूची लहानशी जखम केली, तेव्हां पॅरिसच्या भर चौकांत त्याचे हाल हाल करून घोड्यांकडून त्याचा देह फाडविण्यांत आला होता. त्या गोष्टीस पुरतीं त्रेपन्न वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्या मानानें मारेकऱ्याशीं समोरासमोर बोलून त्याला पुनःपुन्हां वांचण्याची संधि देणारा राजा निर्दय म्हणतां येत नाहीं. कायदाहि मुलाच्या बाजूचा नव्हता. 1791 च्या फ्रेंच दंडविधानानें वयाच्या सवलतीची मर्यादा सोळा वर्षांवर ठेविली होती व श्टाप्सनें ती दीड वर्षापूर्वींच ओलांडली होती. सुरा त्यानें बाहेरहि काढला नव्हता हें खरें. पण गुन्ह्यास आरंभ झाला असेल तर प्रयत्नालाहि पुऱ्या गुन्ह्याचीच शिक्षा, असें 1796 पासूनचा कायदा सांगत होता. शिवाय, पुन्हां मारीन असें तोंडावर सांगणाऱ्याला मोकळा कोण सोडील?

तरीहि आमचें समाधान होत नाहीं. 1806 सालीं बर्लिन येथें हाट्झफेल्ट नांवाच्या सरदाराचें एक पत्र पकडलें गेलें होतें; त्यांत फ्रेंच फौजेची बातमी शत्रूला कळविलेली होती. त्याची गरोदर पत्नी पायांवर येऊन पडली, तेव्हां नेपोलियननें तें पत्र तिच्याच हातीं देऊन शेगडींत टाकावयास सांगितलें, आणि पुराव्याबरोबर खटलाहि जळाला. या औदार्याचे गोडवे साऱ्या युरोपांत गाइले गेले. परंतु त्याच सालीं, पाम नांवाच्या न्युरेंबर्गच्या पुस्तकविक्याला एका पत्रकापायीं गोळी घालण्यांत आली होती, आणि त्या वेळीं अशी शेगडी कोठें पेटली नव्हती. शरण आलेल्यास मरण देऊं नये, असें आपल्याकडे म्हणतात. नेपोलियनची दया तेवढें पाळीत होती, पण तिला शरण येणारा मनुष्य मात्र समोर लागत असे. श्टाप्सला देऊं केलेल्या जीवदानाची किंमत पश्चात्ताप ही होती, आणि ज्याला पश्चात्ताप झालाच नव्हता त्या मुलानें जीव वांचविण्यासाठीं खोटें बोलण्याचें नाकारलें. खोटें बोलला असता तर तो सुटला असता, आणि खरोखर धोक्याचा ठरला असता.

त्याला मोकळा सोडणें किंवा मारणें, असे दोनच मार्ग होते असेंहि नाहीं. 1811 सालीं फोन डेर साला नांवाचा तसाच एक सॅक्सन तरुण त्याच हेतूनें पॅरिसला आला व सांपडला. त्याला ठार न मारतां व्हँसेनच्या किल्ल्यांत डांबून ठेविलें. 1814 मध्यें तो सुटला आणि 1815 सालीं स्फोटक द्रव्य बाळगतांना पॅरिसमध्यें पुन्हां हातीं लागला, हें सांगणें आम्हांस भाग आहे. वाचकांनीं त्यावरून काय तें अनुमान काढावें.

श्टाप्सचा खटला उघड न्यायासनापुढें चाललाच नाहीं. पकडला त्याच दिवशीं पोलिसमंत्री फूशे यास सम्राटानें लिहिलें कीं, ही गोष्ट बाहेर फुटूं नये आणि फुटलीच तर मुलगा वेडा होता असें सांगावें. वैद्यानें ज्याला शहाणा ठरविलें, त्याला कागदोपत्रीं वेडा करण्याची ही तयारी! उघड शिक्षेनें हुतात्मा निर्माण होतो आणि उघड क्षमेनें दुसरा सुरा धीट होतो, अशा दुहेरी भीतीनें निवडलेला हा तिसरा मार्ग होता. परराष्ट्रमंत्री शाम्पान्यी याला त्यानें तह ताबडतोब आटोपावयास सांगितलें, आणि 14 तारखेस तहावर सह्या झाल्या. मुलाचा सुरा पोंचला नाहीं, पण त्याची धास्ती पोंचली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कैदेंत श्टाप्सनें अन्न घेण्याचें नाकारलें. मरणाच्या जागेपर्यंत चालत जाण्यापुरती शक्ति आपणांत आहे, असें तो म्हणाला. तोफांचे आवाज ऐकून त्यानें चौकशी केली तेव्हां तह झाल्याचें त्याला सांगण्यांत आलें. असें सांगतात कीं, प्रथम त्याचा विश्वासच बसेना; मग त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि गुडघे टेकून त्यानें देवाचे आभार मानले. सोडलें तर काय करशील, हा प्रश्न त्याला 12 तारखेला विचारला होता, आणि तेव्हां लढाई मिटलेली नव्हती. तह झाल्यावर तोच प्रश्न पुन्हां विचारण्यास कोणी गेलें नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. स्वातंत्र्याचा व जर्मनीचा जयजयकार करीत तो मेला, असा वृत्तांत रॅपनें सम्राटाला दिला. सम्राटानें तो ऐकून घेतला व सुरा रॅपलाच ठेवून घ्यावयास सांगितला. तो पुढें कित्येक वर्षें रॅपच्या घरीं होता.