ख्रिस्त कोणाच्या बाजूचा?

अमेरिकेतील काळ्या माणसांनी मांडलेले मुक्तिवादी धर्मचिंतन, म्हणजेच ब्लॅक थिऑलॉजी, ख्रिस्ती म्हणावे काय? गोऱ्या धर्मपंडितांनी हा प्रश्न वारंवार विचारला. परंतु ख्रिस्तीपणाचा दाखला देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हे आधी तपासले पाहिजे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये अॅब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करीत असता त्यांना ओढून उठविण्यात आले. काळ्यांनी कोठे बसावे हे गोरे ठरवीत होते. जोन्स, रिचर्ड अॅलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. १८१६ साली अॅलन यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले. १८०७ साली वेस्ट इंडिजमधील गुलामांसाठी लंडनमध्ये छापलेल्या बायबलातून तर इस्राएलच्या दास्यमुक्तीची कथाच गाळली होती! शोषकांनाही ठाऊक होते, की या ग्रंथात दारूगोळा आहे.

१९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइट पेटले. १९६९ साली जेम्स कोन यांचा ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ हा ग्रंथ आला. त्याच वर्षी मे महिन्यात जेम्स फोरमन यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील उपासना थांबवून गोऱ्या धर्मसंस्थांकडे ५० कोटी डॉलर्सची भरपाई मागितली. कोन यांनी प्रश्नच उलटा केला. ख्रिस्त पीडितांचा असेल, तर अमेरिकेत तो काळाच असणार. आणि पीडितांच्या मुक्तीविषयी मौन पाळणारे धर्मचिंतन ख्रिस्ती कसे?

खरा कस मात्र काळ्या विचारवंतांनीच लावला. डिओटिस रॉबर्ट्स यांनी १९७१ साली मुक्तीबरोबर समेटाचाही आग्रह धरला. विल्यम जोन्स यांनी १९७३ साली ‘देव गोरा वर्णद्वेष्टा आहे काय?’ असे ग्रंथाच्या नावातच विचारले. देव पीडितांच्या बाजूचा, तर शतकानुशतकांच्या यातनांत त्याचा पुरावा कोठे? कोन यांनी १९७५ साली येशूच्या वधस्तंभाकडे व पुनरुत्थानाकडे बोट दाखविले. श्रद्धावंताला ते पुरेल. जोन्स यांना पुरले नाही. १९९३ साली डेलोरेस विल्यम्स यांनी हागारची कथा पुढे ठेवली. ही दासी पळाली, तर देवदूताने तिला मालकिणीकडेच परत पाठविले. काळ्या स्त्रीचा मुक्तिदाता मग कोण? स्त्रियांच्या टीकेनंतर आपल्या आरंभीच्या लेखनातील पुरुषी दृष्टी कोन यांनी स्वतः कबूल केली होती.

भारतातही १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मचिंतनाची मांडणी केली. दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची ती सुरुवात. चर्चमध्येही जात पाळणाऱ्यांना तो सवाल होता.

धर्मात राहून लढावे की धर्म सोडून, याचे उत्तर प्रत्येक पीडित समाज आपल्या अनुभवातून देतो. १९५६ साली बाबासाहेबांनी आपले उत्तर दिले. अॅलन आणि कोन यांनी ख्रिस्ती राहून आपले दिले. कसोटी मात्र एकच: गुडघे टेकलेल्या माणसाला ओढून उठविणाऱ्याच्या बाजूने धर्म उभा राहतो, की ओढल्या जाणाऱ्याच्या?