खामच्या अलीकडे जुम्मा, पलीकडे इतवार

मोबाइल घरीच ठेवा. मनगटावरचं घड्याळही काढा, त्याचा उपयोग नाही. पायात जाड वहाणा घाला आणि कंबरेच्या चंचीला दोन कप्पे आहेत ना, ते बघून घ्या. एका कप्प्यात कलदार, दुसऱ्यात हाली. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हाली म्हणजे निजामाचा, चारमिनारचं चित्र असलेला. सहा कलदारांचे साधारण सात हाली होतात. एवढं तोंडपाठ करा, बाकीचं पोटापाण्याच्या गरजेनं आपोआप येईल.

साल 1911. औरंगाबादच्या बारापुल्ला दरवाज्यातून बाहेर पडा आणि खाम नदी ओलांडा. झालं, आलात बेटावर. पाणी म्हणाल तर एकाच बाजूला, आणि उन्हाळ्यात तेही घोट्याएवढं. पण चहूकडे मुलूख निजामाचा. त्याचे तहसीलदार, त्याच्या कचेऱ्यांतली उर्दू, त्याचे टपालाचे स्टॅम्प, त्याची शुक्रवारची सुट्टी. मधोमध ही छावणी. इथं कॅन्टोन्मेंट मॅजिस्ट्रेटचा शब्द चालतो आणि काम बंद राहतं इतवारी. सदर बाजारातल्या एका दुकानात तुम्हाला हिशेबाला ठेवलंय. राहायला मागची पडवी, पांघरायला पोतं.

पहिल्याच पहाटे बिगूल वाजतो आणि तुम्ही दचकून उठता. थंडी हाडात शिरलेली. वाऱ्यावर घोड्यांच्या लिदेचा, चामड्याला चोळलेल्या तेलाचा आणि भट्टीतून निघालेल्या डबलरोटीचा वास, तिन्ही एकात एक मिसळलेले. भिस्ती मसक पाठीवर घेऊन रस्त्यावर पाणी मारत येतो. ओल्या चामड्याचा तो उग्र दर्प नाकातून दुपारपर्यंत जात नाही. रस्त्याच्या कडेचे दगड चुन्यानं पांढरे केलेले. ते बघून पान थुंकायची हिंमतच होत नाही, आणि ते बरंच आहे.

"कामून उभा ऱ्हायला? फळ्या काढ ना!" शेठ आतून ओरडतात. पण फळ्या काढून उपयोग काय? आज एक जानेवारी. सगळा बाजार मैदानाच्या कडेला जाऊन उभा आहे. राणी व्हिक्टोरिया कधीकाळी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, त्याची परेड दरवर्षी याच दिवशी प्रत्येक छावणीत होते. पलटण रांगेत, रिसाल्याचे घोडे फुरफुरताहेत. मग फैरी सुटतात, एकदम नव्हे, तर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चटचटचट धावत जातात आणि परत येतात. कान बधिर होतात. तुमच्या शेजारचं पोर आनंदानं किंचाळतं, घोडे बिथरतात, बारुदीचा निळसर धूर डोळ्यांत जातो. शहरात मात्र निजामाच्या कचेऱ्या नेहमीसारख्या उघड्या. तिकडच्या दफ्तरात हे वर्ष आत्ता सुरूच झालेलं नाही. तिथं फसली कालगणना चालते, आणि तिचा पहिला महिना आजूर कधीच येऊन गेलाय, ऑक्टोबरात.

या भानगडीची सवय व्हायला वेळ लागतो. परेडचा धूर विरतो न विरतो तोच मोहरमचा चाँद दिसतो, म्हणजे हिजरीचंही नवं वर्ष. दहा दिवस रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे. लोबानाचा धूर, अंगाला पिवळे पट्टे रंगवून वाघ झालेली पोरं, सवारी खांद्यावर घेऊन धावणारे लोक. त्यात मुसलमान किती नि हिंदू किती, हे कळत नाही आणि कुणी मोजतही नाही. भर जानेवारीत सरबताचे गार पेले तुमच्या हातात कोंबले जातात. दात शिवशिवतात, पण नाही म्हणता येत नाही. रिसाल्यातले जवान वर्दी उतरवून गर्दीत मिसळतात. सकाळी बिगूल वाजला की तेच जवान ताठ. हे ते कसं जमवतात, विचारू नका. मलाही कळलेलं नाही.

सुट्ट्यांचा खरा गोंधळ धंद्यात असतो. शुक्रवारी निजामाची कचेरी बंद, म्हणून कागद अडतो. शनिवारी कचेरी उघडते, कागद निघतो, तो इतवारी छावणीत पोचतो आणि इथला साहेब गिरजाघरात. मनमाडहून मीटरगेजच्या गाडीनं आलेल्या मालावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, शेकडा पाच. तिची पावती उर्दूत, तुमची वही मोडीत, साहेबाचं बिल इंग्रजीत. नाशिकच्या मावशीला पत्र टाकायचं तर निजामाचा स्टॅम्प चालत नाही, तो त्याच्या हद्दीपुरताच. पैठणच्या आत्याला टाकायचं तर चालतो. दोन्ही पत्रांची अदलाबदल झाली की दोन्हीकडून बोलणी खायला तयार राहा.

मार्चात रस्ता वाहायला लागतो. बारावफातीला खुलदाबादच्या दर्ग्यात पैगंबरांचा पवित्र अंगरखा दर्शनाला ठेवतात. बैलगाड्या, टांगे, पायी माणसं, सगळे छावणीच्या रस्त्यानं दौलताबादकडे निघालेले. दुकानात पाणी प्यायला थांबतात, फुटाणे घेतात, धुळीनं पापण्या पांढऱ्या झालेल्या. त्याच आठवड्यात होळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात नाथषष्ठी, मग टाळ-मृदंग घेऊन दिंड्या पैठणच्या वाटेला. साहेबाच्या यादीत यातलं काही असो नसो, तुमचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडंच. गल्ला हालीनं भरतो. शेठ खूश, तुमचे पाय सुजलेले.

उन्हाळ्याबद्दल काय सांगावं! मे महिन्यात पत्र्याखाली बसून बघा म्हणजे कळेल. बंगल्यांत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतात, त्याचा गार सुगंध कुंपणाबाहेर येतो तेवढाच तुमच्या वाट्याला. तीन जूनला राजाचा वाढदिवस आणि बावीस जूनला राज्याभिषेक. समारंभ लंडनला आणि घाम छावणीला. वर्दीतले लोक उकाड्यात तासभर उभे. आभाळ भरून आलंय, पडत मात्र काही नाही.

आता ऑगस्टचा शेवटचा आठवडा. या आठवड्यासाठीच तुम्हाला इथवर आणलंय, तेव्हा जरा सरसावून बसा. आधी पोळा. आसपासच्या खेड्यांतले बैल धुऊन, शिंगांना हिंगूळ लावून, झुली घालून मिरवतात. पुरणपोळीचा वास, ओल्या शेणाचा वास, घुंगरांचा आवाज. शेठणी तुमच्या ताटात तुपाची धार धरते आणि बस म्हणेस्तोवर थांबत नाही. पोळ्याचा गुलाल अंगावर तसाच आणि संध्याकाळी गच्च्यांवर लोक पश्चिमेकडे माना वळवून उभे. ढगांच्या फटीतून रमजानचा चाँद दिसला की नाही, यावर वाद. कुणी दिसला म्हणतो, कुणी नाही. अखेर रोजे सुरू होतात. त्यापाठोपाठ गणपती. तुमच्या डाव्या अंगाच्या घरात पहाटे सहरीची भांडी वाजतात, उजव्या अंगाला तासाभरानं घंटा आणि कापूर. मधल्या तासात तुम्ही झोपून घ्या. एवढीच झोप मिळणार आहे.

आणि मग तारेनं बातमी येते. हैदराबादेत निजाम मीर महबूब अली खान गेले. 29 ऑगस्ट, रोजाचा चौथा दिवस. 

तुम्ही कामासाठी नदीपलीकडे गेलात आणि शहरभर दुकानांच्या फळ्या लागलेल्या. माणसं कोपऱ्या-कोपऱ्यांवर उभी, हळू बोलताहेत. या निजामाला लोक फार मानत. साप चावला तर त्याची दुहाई दिली की विष उतरतं, अशी मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत समजूत. पावसाळा आहे, गवत वाढलंय, आणि एक म्हातारी तुम्हाला थांबवून विचारते, "आता कुनाचं नाव घ्यावं रे बाबा?" तुमच्याकडे उत्तर नाही. नव्या निजामाचं नाव उस्मान अली खान, ते अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. सापालाही ठाऊक नसावं.

परत पूल ओलांडता तर छावणीत संध्याकाळचा बिगूल वेळेवर, घोड्यांना खरारा वेळेवर. गणपतीपुढे आरतीला टाळ वाजवावेत की नाही, यावर शेठ विचारात पडलेले. बेट इंग्रजांचं, पण गिऱ्हाईक अर्धं नदीपलीकडचं. शेवटी हलक्या हातानं वाजवतात. राजा कुणाचाही असो, दुकानदाराला दोन्ही काठांवर तोंड दाखवायचं असतं.

रमजान संपतो तो थेट नवरात्रात. एकीकडे ईद, शिरखुर्मा, नव्या कपड्यांची खळ अंगाला टोचतेय. दुसरीकडे घट बसलेले. आणि छावणीतच कर्णपुऱ्याच्या देवीची जत्रा. तुम्ही गर्दीत शिरता आणि पुढचे दहा दिवस बाहेर येतच नाही असं समजा. मागून रेटा, पुढून रेटा. तेलाच्या दिव्यांची काजळी, तळणीतल्या भज्यांचा धूर, नारळ फुटल्याचे फटाफट आवाज, हरवलेल्या पोराचं भोकाड. सीताफळांच्या पाट्या, दौलताबादकडच्या डोंगरातली, हात लावला तर डोळे उकलतील इतकी पिकलेली. ईदचा कुर्ता घातलेला एक पोरगा देवीच्या पायरीशी बांगड्या विकतोय. आवाज इतका चढा, की आरतीवर मात करतो. दसऱ्याला बालाजीचा रथ निघतो. दोराला हात लावायला माणसांची झुंबड. तुम्हीही लावता, तळहाताची साल निघते. आपटा लुटून लोक घरी जातात तेव्हा रस्ता चिखल, पानं आणि सालींनी भरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीचे सफाईवाले येतात आणि चुन्याचे दगड पुन्हा पांढरे दिसू लागतात.

इथून पुढे नवी वर्षं एकामागून एक. आठवड्याभरात आजूर लागतो, फसली 1321 सुरू. पंधरवड्यानं दिवाळीचा पाडवा, शेठ नवी चोपडी पूजतात, तुम्ही हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढता. गुढीपाडवा तर चैत्रातच झाला, शके 1833. एवढ्या नव्या वर्षांत एकदा तरी पगार वाढेल असं वाटणं साहजिक आहे.

डिसेंबरात बकरी ईद, मग बारा तारखेला दिल्लीचा दरबार. तिकडे बादशहा जातीनं आलेला, नवा निजामही गेलेला. इकडे जाहीरनामा, परेड, सलामी, पताका. थंडीत मिठाईचा पाक बोटांना चिकटून घट्ट होतो. आठ-दहा दिवसांत पुन्हा मोहरमचा चाँद! होय, याच वर्षात दुसऱ्यांदा. चाँदाचं वर्ष आखूड, म्हणून मागच्या जानेवारीत येऊन गेलेला पाहुणा डिसेंबरात पुन्हा दारात. त्यात बडा दिन. ठेकेदार साहेबांच्या बंगल्यांवर डाल्या घेऊन निघालेत: टोपलीत संत्री, केळी, बदाम, वर झेंडूची माळ. अशा दोन डाल्या डोक्यावर घेऊन तुम्हालाही पिटाळलं जातं. एका बंगल्यातून पियानो ऐकू येतो, कोपऱ्यावरून ताशा. मडगार्डावर बसलेला टांगेवाला दोन्हीला एकच ठेका धरून मान हलवतोय.

वर्षअखेरीला ताबूत निघतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परेडसाठी मैदानावर पुन्हा दोऱ्या ताणायच्या आहेत. तुमची परतीची वेळ झाली. पगाराचं बोला.

शेठ चोपडी उघडतात. पाडव्यापर्यंतचा हिशेब जुन्या वहीत, पुढचा नव्या. "इतवारच्या सुट्ट्या कापल्या," ते म्हणतात. तुम्ही म्हणता, इतवारी मी शहरात वसुलीला जात होतो. "मंग शुक्रवारच्या कापतो." शुक्रवारी मी इथं दुकानात होतो. शेठ तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेतात. "बरं, कलदार घेतो का हाली? हाली दिले तर सहाच्या जागी सात येतील हातात." सात ऐकून तुम्ही हाली घेता.

मनमाडला उतरून फुटाण्यांची पुडी घेता आणि एक चारमिनारी रुपया पुढे करता. फुटाणेवाला तो उलटून-पालटून बघतो, पुडी परत टोपलीत ठेवतो आणि समोरच्या सराफाकडे बोट दाखवतो. सराफ बट्टा कापूनच देणार.