पावण्यांची न्हाणी

पेडण्यात केरीला माझं आजोळ. परसात विहिरीला लागून चिऱ्यांची एक बसकी खोली होती, घरापासून सुटी. आजी तिला ‘पावण्यांची न्हाणी’ म्हणायची.

पूर्वी चैत्र-वैशाखात आतल्या गावांतली माणसं खाऱ्या पाण्यात न्हायला किनाऱ्यावर उतरायची. कुणाचे सांधे धरलेले, कुणाच्या अंगाला खाज. किरिस्तांव कुटुंबं ‘मुदांस’ म्हणून दर्यालगत बिऱ्हाडच करायची. आमच्याकडे यायचे ते डिचोली-मयेकडचे सोयरे, आणि सोयऱ्यांचे सोयरे. हरमलला समुद्रालगतच गोड्या पाण्याचं तळं आहे, तिथं बुडी मारली की अंगावरचं मीठ उतरतं. आमच्या दारात तसं तळं कुठलं? म्हणून पणजोबांनी ही न्हाणी बांधली. पणजोबांनी की त्यांच्या धाकट्या भावानं, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

बांधणाऱ्यानं विचार मात्र फार केला होता. भिंती जाड, गिलावा चुन्याचा. खिडकी एकच, तिला शिंपल्यांची तावदानं. उजेड आत यायचा, नजर यायची नाही. विहिरीकडच्या भिंतीला एक भोक. बाहेरून कळशी ओतली की पाणी थेट आतल्या दगडी दोणीत पडे, म्हणजे आत कुणी न्हात असलं तरी पाणी भरणाऱ्याला आत डोकवावं लागत नसे. चुलीचं तोंडही बाहेरच. सोडणं आणि पिड्डे तिथून सारायचे, आत नुसतं तांब्याचं भाण तापायचं. धूर डोळ्यांत जायला नको! फरशीला कोपऱ्याकडे उतार होता आणि मोरी माडांकडे वळवलेली, कारण मिठाचं पाणी केळींना सोसत नाही. घरातल्या माणसांची न्हाणी म्हणाल, तर झावळांच्या कुडाची.

न्हाऊन आलं की उकड्या तांदळाची पेज, खारातली तोर आणि सुक्या सुंगटांची किसमूर. पावणे परत निघाले की त्यांच्या गाडीत आगरवाड्याचं मीठ आणि खारे बांगडे चढायचे. पावसाळ्याचं पुरुमेंत.

नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो 1746 साली घेतला, हे मी पुस्तकात वाचलं. आजीच्या तोंडी असायचा तो 1954 चा 15 ऑगस्ट. सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. त्यानंतर काठावर शिपायांची वर्दळ वाढली, आणि पुढच्या वैशाखात डिचोलीच्या गाड्या आल्याच नाहीत, असं ती सांगे. आई म्हणते, आल्या होत्या, पण दोनच. पुढे गोवा मुक्त झाला, रस्ते आले, डॉक्टर आले, सांधेदुखीवर गोळ्या आल्या. किल्ल्याचं हॉटेल झालं. आमच्या न्हाणीत नारळ आणि लाकडं साठू लागली.

मामेभावाचं लग्न झालं तेव्हा मूळ घर अपुरं पडू लागलं. त्यानं न्हाणी झाडून घेतली, समोर पडवी काढली, वर नवी कौलं घातली आणि तिथंच संसार मांडला. गवंडी म्हणाला, उतार भरून फरशी सपाट करू. भावानं नको म्हटलं. पलंगाच्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे आहेत, पण फरशी पणजोबांचीच आहे, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. दोणीपाशी आता वहिनी भांडी घासते. पंप बंद पडला की अजूनही भिंतीच्या भोकातून कळशी ओततात. जुन्या चुलीच्या कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या मावतात. आजीनं पाहिलं असतं तर तिथं आधी तोरांचीच बरणी ठेवायला लावली असती.

खिडकीची दोन तावदानं मागच्या पावसात फुटली. वहिनी काच बसवू म्हणते, आणि घरात लहान पोर आहे, तिचंही खरं आहे. तोवर पुठ्ठा लावलाय. मी शिंपले बसवणारा कारागीर शोधतोय. म्हापशाच्या एका जुन्या सुतारानं पावसाळ्याआधी येऊन बघतो म्हटलंय. आणखी कुणाच्या माहितीत असेल तर जरूर सांगा.